राखीव निधी आणि जाऊबाईंची गाय

मी नगरपंचायतीची मेंबर झाले ती हुशारीमुळे नाही, कायद्यामुळे. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. मुलाला सुनेला उभं करायचं होतं, पण तिला तिसरं लेकरू झालेलं. दोनापेक्षा जास्त लेकरं असली की निवडणुकीला उभं राहता येत नाही, असा नियम आहे. मला स्वतःला पाच झाली, पण ती नियम येण्याच्या आधीची, म्हणून मोजत नाहीत. सुनेची तीन जास्त आणि माझी पाच चालतात, हे मला तेव्हाही कळलं नाही. वकिलानं कागद बघितले, आजीचं जमतंय म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी माझा डोक्यावर पदर घेतलेला फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लागला. माझी शाळा चौथीपर्यंत. वाचता येतं, सही येते, बेरीज येते. पुढचं सगळं लोकांना विचारून.

आमचं गाव पाथर्डीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. आधी ग्रामपंचायत होती, मग नगरपंचायत झाली. बदल काय झाला तर घरपट्टी-पाणीपट्टी वाढली, आणि गावचा कारभार बघायला बाहेरगावचा मुख्याधिकारी येऊन बसला. मी मेंबर झाले तेव्हाचा साहेब अगदी तरुण होता, पुण्याकडचा. बोलायला नम्र. मला आजी म्हणायचा.

मी सांगणार आहे ते टाळेबंदी उठल्यानंतरच्या वर्षाचं. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, विहिरींना पाणी होतं, फक्त कोणाच्या हातात पैसा नव्हता. कांदा निघाला तर भाव नाही. बाजार कित्येक महिने भरला नव्हता, भरायला लागला तर माणसं भाव विचारून पुढं जायची. अशा वर्षी आमच्या साहेबानं पैसे साठवायचे ठरवले.

आधी गल्लीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा वॉर्ड म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला माळावर चढत गेलेली एक लांब गल्ली. पाण्याची पाइपलाइन गल्लीच्या तोंडाशी माझ्या दारापर्यंत आली आणि तिथं थांबली. पुढं खडक लागला आणि ठेकेदार निघून गेला. मी मेंबर व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, पण लोक म्हणतात मेंबरीणबाईनं नळ आपल्या दारात अडवला. माझ्यापुढच्या सगळ्या घरांना नगरपंचायतीचा टँकर येतो. त्या घरांतली जवळजवळ सगळी माणसं दसरा-दिवाळीच्या दरम्यान ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की, म्हणजे हंगाम संपला की, परत येतात. नवरा, बायको, अंगावरची लेकरं जातात. म्हातारी माणसं मागं राहतात.

ही मागं राहिलेली माणसं घरात राहत नाहीत, हे बाहेरच्याला माहीत नसतं. आमच्याकडं जाताना पुढच्या दाराला कुलूप घालायची पद्धत आहे. उंबऱ्यावर नारळ फोडायचा, कुलूप लावायचं आणि किल्ली सुनेच्या कमरेला जायची. म्हातारं माणूस मागच्या बाजूच्या छपरात राहतं. चूल तिथंच, अंथरूण तिथंच. आत सुनेची पेटी असते, धान्य असतं, भांडी असतात. किल्ली आपल्याकडं ठेवायला कोणी म्हातारी तयार होत नाही, कारण काही हरवलं तर नाव तिच्यावर येतं. आणि लावलेलं कुलूप लावणाऱ्यानंच काढायचं. मधेच कोणी तोडलं तर गेलेल्या माणसांना ते बाधतं, असं मानतात.

माझी थोरली जाऊ अशीच राहते. दिराला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा-सून ऊसतोडीला. तिच्याकडं मागच्या छपरात एक गाय होती, त्या वर्षी गाभण, चैत्रात विणार होती. जाऊबाईंचं सगळं त्या गाईवर चाललं होतं. दूध सुरू झालं की डेअरीला घालायचं आणि तो पैसा कोणाला विचारायचा नाही, तिचा स्वतःचा. मुलाच्या उचलीतला, म्हणजे ऊसतोडीच्या मुकादमानं आगाऊ दिलेला पैसा मुलाचा, सुनेचा. आमच्या दोघींचं वाटणीच्या वेळेपासून फारसं पटत नाही, बोलणं टोमण्यातच होतं. पण गाय चांगली होती, ते मी कबूल करते.

संक्रांतीच्या सुमाराला टँकर यायचा बंद झाला. एक खेप चुकली म्हणून आम्ही काही म्हणालो नाही. दुसरीही आली नाही. जाऊबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"मेंबरीणबाई, टँकर गावातनं पळून गेला काय?"

मी म्हणाले विचारते. त्या म्हणाल्या, "इचार. तुला इचारायलाच निवडून दिलंय. आमी नाय दिलं, पर दिलंय."

मी नगरपंचायतीत गेले. पाणीपुरवठ्याच्या टेबलावरच्या क्लार्कनं सांगितलं की साहेबांनी काटकसर सुरू केली आहे, ज्या गल्लीत बंद घरं जास्त तिथल्या खेपा थांबवल्या. मी म्हणाले घरं बंद नाहीत, माणसं आहेत. तो म्हणाला दाराला कुलूप आहे का. मी म्हणाले आहे. तो म्हणाला मग झालं. मी त्याला मागच्या छपराचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मग कपाटातून अर्जांचा गठ्ठा काढून दाखवला. आमच्या गल्लीतल्या पोरांनीच तो भरून दिलेला. घर सहा महिने बंद असतं, घरात कोणी राहत नाही, तरी पट्टीत सूट मिळावी. दरवर्षी देतात आणि दरवर्षी सूट मिळते. जाऊबाईंच्या मुलाचाही अर्ज होता. खाली सही होती.

मला वाईट वाटलं नाही, राग आला, पण कोणाचा ते ठरेना. पोरांनी सूट मागितली ती बरोबर होती, सहा महिने घरात नसतात. क्लार्क म्हणत होता तेही बरोबर, कारण लिहून दिलं होतं की कोणी राहत नाही. आणि जाऊबाई मागच्या छपरात गाईला भुस्सा घालत होत्या, तेही खरं होतं. तिन्ही खरं असताना चूक कुठं झाली, हे मी रस्ताभर शोधत घरी आले.

साहेबाला भेटले. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी टँकरचं बोलले तर म्हणाला, "आजी, आत्ता जिथं जिथं वाचेल तिथं वाचवायचंय. राखीव निधी करतोय आपण. एका गल्लीला सूट दिली की सगळ्या गल्ल्या मागतात, मग निधी राहत नाही. बजेटच्या मीटिंगला सगळं समजावून सांगतो."

बजेटची मीटिंग फेब्रुवारीत असते. म्हणजे आमचा अर्धा गाव कारखान्यावर असतो तेव्हा पुढच्या वर्षी गावाचं काय करायचं ते ठरतं. मीटिंगच्या आधी घरी एक जाड कागद आला. मी चष्मा लावून तो दोन दिवस वाचला. कोंडवाड्याचं उत्पन्न, बाजार फी, गाळेभाडं, दिवाबत्ती, पाणीपुरवठा. टँकरपुढं लिहिलेला आकडा वाचून मला हसू आलं, एवढ्यात तर एक साडी येते. मग मुलानं वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं, तिथं बारीक अक्षरात लिहिलं होतं की सगळे आकडे हजारात. मग मला हसू आलं नाही. कागदाच्या शेवटी लिहिलं होतं अखेरची शिल्लक, आणि ती शिल्लक चांगली मोठी होती.

हे मला काही केल्या उमजेना. बाजार भरला नाही, बाजाराची पावती फाटली नाही. गाळ्यांचं भाडं थकलं. घरपट्टी कोणी भरली नाही, आम्हीसुद्धा नाही. मग शिल्लक आली कुठून? मुलगा टेम्पो चालवतो, त्याला हिशोब कळतो. तो म्हणाला, "सरकारचं अनुदान आलं असंल." मी म्हणाले, सरकारकडं तरी कुठून आलं? तो म्हणाला ते मला विचारू नको.

मीटिंगला साहेबानं तेच सांगितलं. मागच्या वर्षीचं अडकलेलं अनुदान आणि या वर्षीचं, दोन्ही एकदम आलं, म्हणून पैसा दिसतोय. हा पैसा खर्च करू नका, बँकेत मुदत ठेवीत ठेवा, राखीव निधी म्हणून वेगळा काढा, असं तो म्हणत होता. पुढच्या वर्षी अनुदान येईल की नाही सांगता येत नाही. पट्टी वसूल होईल असं दिसत नाही. पाणी योजनेचं लाइटबिल मात्र दर महिन्याला येणार. बिल थकलं की वीज कापतात, आणि वीज कापली की सगळ्या गावाचं पाणी बंद.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर कापडदुकानदार मेंबर बसतो. त्याला गावाच्या वेशीत कमान पाहिजे होती. तो म्हणाला लोकांच्या हाताला काम नाही, दुकानात गिऱ्हाईक नाही, अशा वेळी गावानं पैसा बाहेर काढायचा का बँकेत कोंडायचा? कमान बांधली तर गवंड्याला काम मिळेल, मजुराला मिळेल, ते दुकानात येतील. त्याचंही मला पटलं. मी नंतर पुष्कळ विचार केला, त्याचं कुठं चुकत होतं ते मला आजही दाखवता येणार नाही. एवढंच, की फिरूनफिरून पैसा त्याच्याच दुकानात येत होता.

मी हात वर केला. बोलायला उभं राहावं लागतं, उभी राहिले. मी म्हणाले, साहेब, आमच्या घरात पिकलं त्या वर्षी कणगी भरतात आणि पिकलं नाही त्या वर्षी ती उकरून खातात. न पिकल्या वर्षी कणगी भरणारा माणूस मी पाहिला नाही. सगळीकडं मंदी असताना तुम्ही साठवायला निघालात, हे कसं?

तो हसला नाही. म्हणाला, "आजी, तुम्ही म्हणताय ते वाईट वर्ष अजून यायचंय."

मी खाली बसले. टाळेबंदीत आमच्या चौकात पोलीस उभे होते. लोकांनी टोमॅटो बांधावर ओतले. मुलाचा टेम्पो कित्येक महिने दारात उभा होता, त्याच्या चाकांखाली गवत वाढलं. जे गेलं ते वाईट वर्ष नव्हतं, तर मग ते काय होतं? पण विचारायला पुन्हा उभी राहिले नाही. त्याच्या तोंडावर असं दिसत होतं की तो थट्टा करत नाही, आणि मला भीती वाटली.

त्या दिवशी मतं घ्यायची राहिली, पुढच्या आठवड्यावर गेली. त्या आठवड्यात माझ्या दारात गल्ली लोटली.

झालं असं की मी जाऊबाईंना म्हणाले होते, गाईला पाणी माझ्या टाकीतून न्या. आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, टाकी भरून ठेवावी लागते, पण एक गाय निघेल असं वाटलं. जाऊबाईंनी आधी मान वाकडी केली. म्हणाल्या, "तुझ्या दावनीला नाय बांधायची." मी म्हणाले दावणीला बांधू नका, बादलीनं न्या. मग नेऊ लागल्या. दोन दिवसांनी मागच्या घरची म्हातारी कळशी घेऊन आली. तिसऱ्या दिवशी गल्लीतले सगळेच आले. नाही कोणाला म्हणणार? मेंबर मी. टाकी रिकामी झाली आणि नळाला अजून चार दिवस होते. सुनेनं भांडी आपटायला सुरुवात केली. तिची तीन लेकरं, त्यांचे कपडे, तिचं बरोबर होतं.

मी दारात उभी राहून सगळ्यांना सांगितलं की आता कोणालाच मिळणार नाही. जाऊबाई सगळ्यांच्या मागं बादली घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "गाय गाभन हाय. तिला तरी दे."

मी म्हणाले, "तुम्हाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागंल."

बोलले आणि मला वाटलं हे वाक्य माझं नाही. मी टँकर मागितला तेव्हा साहेबानं हेच सांगितलं होतं. एका गल्लीला सूट दिली की सगळ्या गल्ल्या मागतात आणि मग निधी राहत नाही. त्याच्या तोंडून ते मला पटलं नव्हतं. माझ्या तोंडून आलं तेव्हाही पटलं नाही, पण टाकी रिकामी होती. जाऊबाई रिकामी बादली घेऊन गेल्या. त्यानंतर त्या लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणू लागल्या, गाभण गाईला पुरेल एवढं. त्यांचं वय माझ्यापेक्षा जास्त.

मुलाला म्हणाले, पुढच्या घरांची पूर्ण पट्टी आपण भरू, म्हणजे ती उघडी घरं होतील. तो म्हणाला, "आई, आपलीच थकलीय." जाऊबाईंना म्हणाले, पोराला फोन करा, अर्ज मागं घ्यायला सांगा. त्यांनी केला. पोरगा म्हणाला पट्टा पडल्यावर हिशोब झाला की बघू, आत्ता मुकादमाकडून काही निघत नाही. मी एकदा असंही म्हणाले की कुलूप तोडा, दार उघडं दिसलं की क्लार्कला बघायला आणते. जाऊबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. पोरगा-सून उसाच्या फडात कोयते चालवतात. त्यांच्या मागं कुलूप कोण तोडणार?

मतांच्या आदल्या दिवशी कापडदुकानदार घरी आला. चहा घेतला, लेकरांच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला. म्हणाला, "मावशी, मी उपसूचना आणतोय. निधी निम्मा करायचा. उरलेल्या निम्म्यात कमान, आणि तुमचा टँकर."

मी विचारलं, टँकर नक्की? तो म्हणाला लिहूनच आणतो.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन गेले. तो बाहेर थांबला, आत मेंबरांनाच सोडतात. नगराध्यक्षबाईंचे मालक मात्र मागं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले असतात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. आधी उपसूचना आली, कमान आणि टँकरची. मी हात वर केला. मोजले तर दोन्हीकडं सारखे. मग नगराध्यक्षांचं जादा मत धरतात. बाईंनी मागं बघितलं. मालक मोबाईलमध्ये होते. मग बाईंनी उपसूचनेच्या विरोधात हात केला. उपसूचना पडली.

मग मूळ ठराव आला, सगळा पैसा ठेवीत ठेवायचा. मी पुन्हा हात वर केला.

दुकानदार माझ्याकडं वळला. "मावशी, आत्ता तर निम्म्याला होतात. दोन्हीकडं कसं चालंल?"

मी म्हणाले, "टँकर यावा असं मला वाटतं. वाईट वर्ष येणार असंल तर पैसे ठेवावेत असंही वाटतं. ह्यात दोन्हीकडं काय आलं?"

काहीजण हसले. साहेब हसला नाही. तो माझ्याकडं असा बघत होता, जणू मी काही तरी मोठं केलं आहे, आणि त्यानं मला जास्तच गोंधळल्यासारखं झालं. मी काही केलं नव्हतं. ज्याचं पटलं त्याला हात वर केला, आणि मला दोघांचंही पटलं होतं. नंतर मी नगराध्यक्षबाईंना विचारलं, तुम्ही तसा हात का केला? त्या म्हणाल्या, "साहेबांचा आवाज खाली होता, दुकानदाराचा वर होता. मला दुसरं काय कळत नव्हतं."

घरी आले तर जाऊबाई पायरीवर बसल्या होत्या. काय झालं ते माझ्या तोंडावरून कळलं असणार. तरी विचारलं. मी सांगितलं, पैसे ठेवीत गेले, टँकर नाही. त्यांनी विचारलं, "कशासाटी ठिवलेत?" मी म्हणाले, पाणी बंद पडू नये म्हणून. हे म्हणताना मला लाज वाटली नाही, हसूही आलं नाही. वाक्य सरळ होतं. फक्त ते त्यांच्यापुढं उभं राहीना.

जाऊबाई उठल्या. म्हणाल्या, "बरं झालं. आमचं तर पडलंच हाय."

होळीच्या आधी त्यांना विहिरीच्या वाटेवर पायऱ्यांशी चक्कर आली. कळशी फुटली, गुडघा फुटला. हाड वाचलं. पाय सुजला, चालता येईना. दोन दिवस सुनेनं माझ्या नकळत आमच्या टाकीतलं पाणी गाईला नेऊन घातलं, ते मला नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनी माझ्या मुलाला निरोप दिला की टेम्पो घेऊन ये, तिसगावच्या बाजाराला जायचंय.

मी आडवी आले. म्हणाले, व्यायला महिना राहिला नाही, असली गाय मंदीत विकायची नसते. कवडीमोल जाईल. त्या म्हणाल्या, "मग तू काय करनार हायस ते सांग." मी म्हणाले आमच्याकडं बांधा. त्या म्हणाल्या, "तुझ्याकडं बांधली तर गल्ली तुझ्या दारात बांधंल. तूच म्हनलीस."

गाय टेम्पोत चढायला तयार नव्हती. जाऊबाईंनी लंगडत पुढं होऊन तिच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा चढली. त्या मुलाच्या शेजारी पुढं बसल्या. संध्याकाळी परत आल्या. बाजारात विकणारेच जास्त होते, घेणारे थोडे, मुलगा सांगत होता. गाय विकली तरी दावं विकत नाहीत, ते आपल्याकडं ठेवतात. जाऊबाईंनी दावं आणलं होतं. त्यांनी ते पुढच्या दाराच्या कडीत, कुलपाच्या खाली अडकवून ठेवलं आणि मागच्या छपरात गेल्या.

पाडव्यानंतर पट्टा पडला. ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसं परत आली. आधी पोराला दावं दिसलं, मग त्यानं कुलूप काढलं. तो माझ्याकडं आला नाही. गल्लीतली दारं उघडी झाली आणि त्याच आठवड्यात टँकर सुरू झाला. मी काहीच केलं नव्हतं. क्लार्क म्हणाला घरं उघडली ना आता.

वैशाखात शेजारच्या गावाची वीज कापली. पाणी योजनेचं बिल थकलं होतं. तिथल्या बाया हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या, माझ्या मुलानं टेम्पोतून जाताना बघितल्या. आमच्याकडंही नोटीस आली होती, पण साहेबानं ठेव मोडली आणि बिल भरलं. आमच्या मोटारी चालू राहिल्या. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. कापडदुकानदारानंही वाजवल्या, त्याच्या घरीही नळच होता. मीही वाजवल्या. त्या वेळी मला साहेब खरंच शहाणा वाटला. वाईट वर्ष यायचंय म्हणाला होता आणि ते आलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या नळाला पाणी आलं. जाऊबाई कळशी घेऊन आल्या. टँकर सुरू झाला होता तरी आल्या. कळशी नळाखाली लावली, भरू दिली, उचलली नाही.

"हे ठेवीतलं पानी म्हनं?"

मी म्हणाले, "हो."

"चांगलं हाय." त्यांनी कळशीत बोटं घातली. "पाजू कुनाला?"

त्यांनी कळशी तिथंच ठेवली. नंतर मी ती त्यांच्या दारात नेऊन दिली.

पावसाळ्याच्या तोंडाला साहेबाची बदली झाली. निरोपाला मेंबर जमले होते, शाल-नारळ झाला. सगळे चहाला गेले तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. म्हणाले, साहेब, एकच विचारते, मला त्याशिवाय झोप येत नाही. आमच्या गल्लीचा टँकर तुम्ही चालू ठेवला असता, तर लाइटबिल भरायला पैसे पुरले असते की नसते?

मला वाटलं आता आकडे सांगेल. तो म्हणाला, "पुरले असते, आजी. बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

"तेव्हा नक्की सांगता आलं नसतं. आत्ताही नाही सांगता येणार."

त्याचे डोळे लाल झाले होते. जागरणानं की आणखी कशानं, कोण जाणे. मी त्याला शिव्या देणार होते, त्या दिल्या नाहीत. आशीर्वादही दिला नाही. तो गाडीत बसला आणि नगरच्या रस्त्याला लागला.

घरी येताना माझ्या दाराशी न थांबता तशीच वर जाऊबाईंच्या दाराकडं गेले. त्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. कडीतलं दावं अजून तिथंच होतं. पोरगा पुढच्या उचलीतून कालवड आणतो म्हणाला होता, अजून आणली नव्हती. त्यांनी विचारलं, "गेला का तुझा साहेब?"

मी म्हणाले, गेला. आणि जे विचारलं होतं ते सांगितलं.

"काय म्हनला?"

"त्याला बी म्हाईत न्हाई."

जाऊबाई मान खाली घालून खडे काढत राहिल्या. मी टोमण्याची वाट बघत उभी राहिले. तो आला नाही. थोड्या वेळानं त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं. मी ओट्यावर टेकले आणि चष्मा काढून पुसला, कारण खडे बारीक होते.